पाच महिन्यांचं बिऱ्हाड

घर रिकामं करायला सांगायचं असलं की माणूस आधी चहा पाजतो, हे स्नेहलला त्या दिवशी कळलं. आप्पासाहेबांनी दोन वर्षांत कधी घोटभर पाणी विचारलं नव्हतं. भाडं घ्यायचे, मोटर चालू करायचे, आणि "लाईट बिल वाढलंय" एवढं सांगून निघून जायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी तिला ओसरीवर बसवलं, बशीत बिस्किटं ठेवली, मांडीवरच्या संस्कृतीच्या मुठीत एक कोंबलं आणि मग म्हणाले, "दसऱ्याच्या आत बघा पोरी कुठं तरी. खोल्या पाडायच्यात."

"पाडायच्या? चांगल्या तर आहेत की काका."

"चांगल्या हायेत म्हणूनच. पुण्याचा पार्टनर मिळालाय, रो-हाऊस करतोय. रोडटच जागा हाय ना आपली." ते खाली बघत म्हणाले. बोलताना त्यांना जरा लाज वाटत होती; पण लाज वाटून माणूस थांबतो असं थोडंच आहे.

सुप्यात त्या वर्षी जागेला नुसतं भावाचं पीक आलं होतं. टाळेबंदीत पुण्याच्या फ्लॅटमध्ये कोंडून पडलेल्या माणसांना अंगण आठवलं. घरबसल्या काम करणाऱ्यांना वाटलं, मग घर नगर रोडला असलं म्हणून काय बिघडलं? त्यात सरकारनं स्टँप ड्युटी कमी केली मार्चपर्यंत. रविवार आला की चारचाक्या यायच्या, तोंडाला मास्क लावलेली माणसं बांधावर उभी राहून मोबाईलवर जमीन मोजायची. आणि दुसरीकडे, बंद पडलेल्या कंपन्या पुन्हा चालू झाल्या तशा त्या म्हणायला लागल्या, कामगार जवळच राहायला पाहिजे, बसमधून कोंबून आणायचं नाही. म्हणजे विकत घेणारेही आले आणि भाड्यानं राहणारेही आले. खोल्या होत्या तेवढ्याच.

स्नेहलचा नवरा अजिनाथ एमआयडीसीत लाईनवर होता, कंत्राटी. तो मूळचा पाथर्डीकडचा. त्याचे आईबाप अजून दर दिवाळीला कोयता घेऊन कारखान्यावर जायचे आणि तो स्वतः जन्मला होता उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. ही गोष्ट तो हसत हसत सांगायचा. "डोळं उघडलं तं वर चंद्र दिसला. छप्परच नव्हतं नीट." स्नेहल राहात्याची. तिच्या माहेरी दोन एकर पेरू होते आणि पक्कं घर होतं. ती त्या गोष्टीला कधीच हसली नाही. संस्कृती झाली ती टाळेबंदी लागली त्याच आठवड्यात. दवाखान्यातून घरी येताना रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. त्या रिकाम्या रस्त्यावर, रिक्षात, ओढणीखाली त्या मुठीएवढ्या जिवाला धरून स्नेहलनं मनाशी गाठ बांधली होती की काही झालं तरी हिला कोपीत झोपवायचं नाही. सुप्यातली खोली सुटली तर नोकरी सुटणार, नोकरी सुटली तर कोयता. मधे दुसरी पायरी नव्हती.

महिनाभर दोघं फिरली. अडीच हजारांची खोली पाच हजारांवर गेली होती, वर वीस हजार डिपॉझिट. अजिनाथला हातात पडायचे अकरा हजार. एका घरी बाईनं दारातूनच विचारलं, "कंपनीत जातो का? मग नको बाई, रोग आणाल." पुढच्या घरी लहान मूल नको होतं. तिसऱ्या ठिकाणी सगळं जमलं, संध्याकाळी चावी घ्यायला गेले तर दुपारीच कुणी तरी पाचशे वाढवून देऊन गेलं होतं.

मग गोरक्ष भेटला. एमआयडीसीच्या गेटवर त्याची चहाची टपरी होती. ती टाळेबंदीत उठली आणि गोरक्ष एजंट झाला. गिऱ्हाईक तेच, फक्त चहाऐवजी तो आता गुंठे दाखवायचा.

"वहिनी, घर हाय एक," तो म्हणाला. "दोन खोल्या, सैपाकघर, पुढं अंगन, दारात नळ. डिपॉझिट न्हाई. भाडं पंधराशे."

अजिनाथ म्हणाला, "भूत हाय का काय त्यात?"

गोरक्ष हसला, पण जरा उशिरानं हसला.

*

घर गावठाणातल्या आतल्या गल्लीत होतं. निळा दरवाजा, आणि दरवाज्याला आडवी लावलेली वाळकी बाभळीची फांदी. काटे इतके लांब की लांबून रंगवल्यासारखे दिसत होते. घराचा मालक बिभीषण अंगणाच्या बाहेर, रस्त्यावरच थांबला होता. त्याचे वडील पुंजाराम महिन्यापूर्वी कोरोनानं गेले, नगरच्या दवाखान्यात. अंत्यविधी तिकडेच झाला; घरच्यांनी तोंडसुद्धा पाहिलं नाही. भटजींनी फोनवरच पंचांग पाहिलं आणि सांगितलं की माणूस पंचकात गेलाय. पंचक म्हणजे महिन्यातले ते पाच दिवस. त्यात मेलेला माणूस एकटा जात नाही, आपल्यासकट पाच जण नेतो म्हणतात. उपाय एकच. घर सोडायचं. पाच महिने दाराला बाभळीची काटी, आत दिवा नाही, चूल नाही. बिभीषण बायकापोरांना घेऊन मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेला होता.

"दवाखान्यात गेलं की हो ते," अजिनाथ म्हणाला. "घराचा काय संबंध?"

"जीव घरात घुटमळतो म्हनं," बिभीषण म्हणाला. "मी काय मानीत न्हाई तसं. पन आई हाय, भाऊबंद हायेत."

"मग आम्हाला का देताय?" स्नेहलनं विचारलं.

बिभीषणनं गोरक्षकडे पाहिलं. गोरक्षच बोलला. "तुमी काय रक्ताचं न्हाई ना त्यांच्या. परक्याला न्हाई लागत वहिनी. घर बंद पडलं की कसर लागती, वाळवी लागती. मानूस पाहिजे घरात. फक्त रोज सडा-रांगोळी करायची, तिन्हीसांजेला दिवा, आन् कपडे पुढच्या अंगनात वाळाया घालायचे. बास."

काटी काढायला बिभीषण पुढे आला नाही. गोरक्षनं लांब काठीनं ती ओढली, फरफटत नेऊन उकिरड्यावर टाकली आणि हात पँटीला पुसले. आत पहिलं पाऊल अजिनाथनं टाकलं. मागोमाग स्नेहल गेली, संस्कृतीला पदराखाली गच्च धरून. आत थंड होतं. फरशीवर महिनाभराची धूळ होती आणि धुळीत एकही पाऊल नव्हतं. खुंटीवर एक पांढरी टोपी तशीच होती.

रात्री अजिनाथच्या आईचा फोन आला. कुणी तरी तिला सांगितलंच होतं. ती रडत होती. तो म्हणाला, "आये, कोपीत तरी कुठं नक्षत्र बघून झोपतो आपण?" फोन ठेवल्यावर बराच वेळ छताकडे बघत पडला होता तो.

*

पहिले तीन दिवस गल्लीतलं कुणी बोललं नाही. दूधवाला पिशवी कोपऱ्यावरच्या दगडावर ठेवून जायचा. पोरं खेळता खेळता त्यांच्या अंगणाजवळ आली की कुठून तरी हाक यायची आणि पोरं पळायची. स्नेहल पहाटे उठून सडा टाकायची, रांगोळी काढायची. माहेरी असताना तिला रांगोळीचा कंटाळा होता. इथे ती मन लावून काढायची, कारण त्या ठिपक्यांपलीकडे तिला करण्यासारखं काही नव्हतं आणि संस्कृती तिच्या पाठीला बिलगून "बा बा बा" करत प्रत्येक ठिपक्याला हाक मारायची.

चौथ्या दिवशी समोरच्या घरातली म्हातारी ताकाचा गडू घेऊन आली. अंगणाच्या कडेला थबकली.

"आत न्हाई येत गं. आमचा आदिनाथ फोनवर रागावतो. पन लेकराच्या आईला ताक पाहिजे." गडू तिनं दगडावर ठेवला. "काय नाव पोरीचं?"

"संस्कृती."

"आगं बया! आमच्या टायमाला सगळ्यात मोठं नाव म्हंजी चंद्रभागा."

ती रतनबाई. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा आदिनाथ पुण्यात मोठ्या कंपनीत. वर्षभरात तो आला नव्हता. आईला रोग लागू नये म्हणून येत नाही, असं ती सांगायची आणि स्वतःचीच समजूत घालायची. तिचं घर गल्लीत सगळ्यांत देखणं: तीन खोल्या, गुळगुळीत फरशी, घरातच न्हाणीघर, कुंडीत जाई. रोज दुपारी रतनबाई आपल्या पायरीवर आणि स्नेहल आपल्या उंबऱ्यावर, मधे दहा पावलांची गल्ली, अशा दोघी बोलत बसायच्या. संस्कृतीनं पहिली टाळी वाजवली ती त्या गल्लीपलीकडच्या रतनबाईकडे बघून.

पंचकाचं खरं रतनबाईनंच सांगितलं. गोरक्षनं जे गिळलं होतं ते.

"पुंजारामच्या मागं पंधरा दिवसांत त्येचा धाकला भाऊ गेला. मग साडू. तीन झालं," ती म्हणाली. "दोन ऱ्हायलं म्हनत्यात लोकं."

"भावाभावांनी एकाच गाडीतून प्रवास केला असेल मावशी. हा रोगच तसा आहे."

"व्हय, तसंच असंल." रतनबाईनं तांदळातला खडा काढून टाकला. "पन बिभीषण बघ, बापाच्या नावानं पानी सोडाया सुदिक घरात आला न्हाई. त्येला वाटतंय, ते दोन दुसऱ्या कुनाचं तरी होऊ दे."

स्नेहलच्या मांडीवर संस्कृती झोपली होती. तिच्या टाळूवर मऊ जागा अजून धडधडत होती. स्नेहलनं त्यावर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसली, भाकरी करपल्याचा वास येईपर्यंत.

तिचा विश्वास नव्हता. बारावी सायन्स झालेली होती ती. पण विश्वास नसला तरी आकडा डोक्यात बसतो. दोन. भाजी चिरताना दोन, कपडे पिळताना दोन. अजिनाथ शिफ्टवरून यायला दहा मिनिटं उशीर झाला की ती अंगणात येऊन उभी राहायची, आणि समोरच्या-शेजारच्या खिडक्यांतून तिच्याकडे कुणी तरी बघत असायचं. काय बघतात ते तिला माहीत होतं. कुणाची वेळ आली ते.

*

दिवाळीनंतर गाड्या यायला लागल्या.

आधी गोरक्ष एकटा येऊन जायचा. "वहिनी, आज जरा मोठी काढा रांगोळी. आन् पोरीची ती रंगीत झबली पुढच्या दोरीवर टाका." मग तासाभरानं बिभीषण कुणाला तरी घेऊन यायचा. माणसं अंगणात फिरायची, भिंतीवर टकटक करायची. बिभीषण उंबऱ्याबाहेरूनच बोलायचा. आत दाखवायला गोरक्ष. "फॅमिली ऱ्हाते की साहेब. चालतं-बोलतं घर हाय."

स्नेहलला उमगलं तेव्हा ती चुलीसमोर बसली होती आणि हसूच आलं तिला, वाईट हसू. काटी लागलेल्या घराला भाव येत नाही. झबली वाळणाऱ्या घराला येतो. पंधराशे रुपयांत त्यांनी घर भाड्यानं घेतलं नव्हतं. बिभीषणनंच त्यांना घेतलं होतं, वर पंधराशे वसूल करून.

तिनं अजिनाथला सांगितलं. तो जेवत होता. "मंग? रांगोळी बंद करायची?"

"म्हणजे मी रोज सकाळी उठून आपल्याच पायाखालचं घर विकायला..."

"जाऊ कुठं सांग. तू म्हन, मी आता सामान उचलतो."

तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी रांगोळी काढली. दिवाळीनंतर नऊ लाख सांगत होते ते घर नाताळात अकरावर गेलं आणि संक्रांतीला तेरावर.

संक्रांतीच्या आठवड्यात संस्कृती तापली. संध्याकाळी अंग कोमट लागलं, दिवेलागणीला फुफाटा. अजिनाथ दुसऱ्या शिफ्टला. डॉक्टरांचा फोन लागेना. पोरगी रडायचीही थांबली आणि नुसती कण्हायला लागली. अंगणात येऊन स्नेहल ओरडली, "कुणी तरी या हो!" गल्लीत तीन दारं उघडी होती. तिन्ही दारांत माणसं उभी होती. एकही पाऊल पुढे आलं नाही. एक दार तर हळूच, आवाज न करता लागलं.

रतनबाई आली. काठी न घेताच आली, मधली गल्ली ओलांडून, अंगण ओलांडून, उंबरा ओलांडून सरळ आत. पोरीला तिनं ओढून घेतलं, अंगावरचं लोकरीचं झबलं काढलं, ओल्या फडक्यानं काखा, मान, तळपाय पुसले. तोंडात बोट घातलं आणि म्हणाली, "आगं येडे, दात येतुया. हे बघ, हिरडी कशी टरारलीया." रात्री अकरापर्यंत बसली होती ती, पोरीला पायांवर घेऊन, पुंजारामच्याच खुंटीखाली. ताप उतरला तशी संस्कृतीनं तिच्या गळ्यातली तुळशीची माळ तोंडात घातली.

"तुम्ही आत आलात मावशी," स्नेहल म्हणाली.

"आले तर आले. मला काय पन्नास वर्सं जगायचंय का?" मग पोरीच्या मुठीतून माळ सोडवत, "आदिनाथला नगं सांगू."

*

फेब्रुवारीत एक बाई एकटीच आली. पुण्याची, तिशीतली, चष्मा, पाठीवर सॅक. नाव दिशा. बिभीषण आणि गोरक्ष बाहेर गाडीपाशी कुणाशी तरी फोनवर बोलत होते. दिशानं खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, मग स्वयंपाकघराच्या दारात टेकून संस्कृतीकडे बघत राहिली. संस्कृती डब्यावर पळी आपटत होती.

"गोड आहे. किती महिन्यांची?"

"अकरा."

"माझी दोन वर्षांची आहे. फ्लॅटमध्ये वेडी झालीये बिचारी. तिला माती पाहिजे."

ही बाई आई होती. घर विकलं गेलं नाही तर अजून दोन-तीन महिने तरी इथून कुणी हलवणार नाही, हेही तिच्या मनात होतं. नव्हतं असं कोण म्हणेल? पण बोलली ती मात्र त्या दोन वर्षांच्या पोरीसाठीच.

"ताई, एक सांगू? या घरातले आजोबा पंचकात गेलेत. पाच महिने बंद ठेवायचं असतं घर. तुम्हाला सांगितलं नसेल यांनी."

दिशा हसली. छान, मोकळं हसली. "माहितीये हो मला. आमच्या सासूबाईंनीच शोधून काढलं ते. म्हणून तर सोळातले दीड लाख कमी करून मागतोय आम्ही." ती खाली बसली आणि संस्कृतीच्या गालाला बोट लावलं. "सासूबाई म्हणाल्या, आधी बघून ये, त्या घरात लेकरू आहे म्हणतात, ते कसं आहे. चार महिने झाले ना तुम्हाला इथे? काही झालं नाही ना?"

"दाताचा ताप आला होता एकदा."

"मग बास. ठणठणीत आहे की." तिनं मोबाईल काढला. "एक फोटो घेऊ हिचा? सासूबाईंना पाठवते."

स्नेहल नाही म्हणाली नाही. फोटो निघाल्यावर संस्कृतीला कडेवर घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि गाडीचा आवाज गल्लीबाहेर जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

साडेचौदा लाखांना सौदा झाला. स्टँप ड्युटी वाढायच्या आत, मार्च संपायच्या आत खरेदीखत उरकलं. पाडव्याला दिशाची वास्तुशांत. म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी स्नेहलचं सामान बाहेर.

गोरक्ष पेढे घेऊन आला. "वहिनी, तुमचा पायगुन! नऊचं घर साडेचौदाला गेलं."

"मग आम्हाला खोली बघा आता."

"बघितली आसती. पन खोल्या आता सात हजारांवर गेल्यात. कंपन्यांनी घाऊक घेतल्यात." तो अजिनाथकडे वळला आणि आवाज खाली आणला. "तुमच्यासारख्या कुटुंबाला काम हाय माज्याकडं. परत लाट आलीय बगा. घरं मोकळी व्हनार. सादं मरन आसलं तर वारस लगेच विकून मोकळं होत्यात, तिथं तुमची गरज न्हाई. पन पंचकात गेलं, काटी लागली, की तुमी. पाच महिने इथं, पाच महिने तिथं. भाडं तर मी पंधराशेच्या वर जाऊ देनार न्हाई. नक्षत्र तेवढं जुळाया पाहिजे."

"तोंड बंद कर," स्नेहल म्हणाली.

"मी काय कुनाला मारतोय का वहिनी?" तो खरोखर दुखावला होता. जाताना त्यानं भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान उलटून दाखवलं, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पंचक कुठे लिहिलेलं असतं ते.

*

एप्रिल उजाडला तो रुग्णवाहिकांच्या आवाजानं. नगर रोडवरून दिवसाला वीस-वीस जायच्या. अजिनाथच्या कंपनीच्या ग्रुपवर रोज सकाळी भावपूर्ण श्रद्धांजली. फोटोखाली नाव, गाव, तारीख. अजिनाथ ते वाचायचा आणि फोन बाजूला ठेवायचा. एके दिवशी स्नेहलनं पाहिलं, फोन बाजूला ठेवल्यावर त्याची नजर दिनदर्शिकेकडे गेली. तिनं पाहिलंय हे त्यालाही कळलं. पाडव्याला नऊ दिवस होते. अजिनाथच्या वडलांचा निरोप आला होता, ऊसतोडीचा मुकादम उचल द्यायला तयार आहे, पुढच्या हंगामाला दोघांचं नाव घालू का.

रविवारी रतनबाईच्या दारात ताक दिसलं नाही. सोमवारी ती खोकली. आशाताई येऊन बोटाला यंत्र लावून गेली, ऑक्सिजन ब्याण्णव. स्नेहल दारात पेज ठेवायची, गरम पाणी ठेवायची. तोंडाला ओढणी बांधून खिडकीतून बोलायची. "मावशी, पालथ्या झोपा." आतून आवाज यायचा, "पोरीला आनू नगंस इकडं." बोलताना तिला शब्दाशब्दाला दम लागत होता. गल्लीतली बाई नळावर म्हणाली, "चौथी. गेली होती ना त्या घरात." आणि मग स्नेहलला बघून घागर उचलून गेली.

मंगळवारी संध्याकाळी यंत्रावर शहाऐंशी आला. स्नेहल खिडकीशीच उभी होती तेव्हा आदिनाथचा फोन आला.

"वहिनी, आई मला खरं सांगत नाही. नगरला उद्या संध्याकाळी बेड मिळेल म्हणतात, चांगला दवाखाना आहे. आत्ता हवा असेल तर साधा मिळतोय, पण गाडी लगेच पाठवावी लागेल. तुम्ही समोर आहात. तुम्ही सांगा. उद्यापर्यंत थांबलं तर चालेल का?"

स्नेहलनं आत पाहिलं. रतनबाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पाठीची हाडं लुगड्यातून वरखाली होत होती. पलंगाशेजारी स्वच्छ, गुळगुळीत फरशी. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं.

"हॅलो? वहिनी, आहात ना?"

ती गप्प राहिली ते फार नव्हतं. दोन श्वास असतील. पण त्या दोन श्वासांत तिला सगळं दिसलं, नको नको म्हणताना दिसलं, आणि तिनं ओढणीचं टोक दातांत धरलं इतकं घट्ट की दाढ दुखली.

"आत्ताच पाठवा," ती म्हणाली. "आत्ता. थांबू नका."

तासाभरात गाडी आली. निळ्या पोशाखातल्या दोघांनी रतनबाईला खुर्चीत बसवून बाहेर आणलं. खिडक्यांतून गल्ली बघत होती. निघताना म्हातारीनं त्यांना दाराला कुलूप घालायला लावलं आणि कनवटीची चावी काढून आपल्या पायरीवर ठेवली, हातात दिली नाही. "दिवा... लावत जा," एवढंच.

गाडी वळली तशी कोपऱ्यावर गोरक्ष दिसला, मास्क हनुवटीवर. बातमी कळून आला होता की असाच, कोण जाणे. तो गाडीच्या वाटेकडे बघत होता. मग घराकडे बघितलं.

"नगरला नेली व्हय? लई गुनाची म्हातारी," तो म्हणाला. खरंच वाईट वाटत होतं त्याला. आणि मग, सहज, हवापाणी विचारावं तसं, "कधी लागतंय हो वहिनी पंचक?"

"उद्या दुपारी तीनला," स्नेहल म्हणाली.

तिच्या तोंडून निघून गेलं. दिनदर्शिका बघायला आत जावं लागलं नाही, आठवावंही लागलं नाही. गोरक्षनं मान हलवली आणि गाडीला किक मारली. समोरच्या उंबऱ्यात अजिनाथ संस्कृतीला कडेवर घेऊन उभा होता. त्यानं ऐकलं होतं. पोरगी मात्र आईला बघून हात पसरून खदखदा हसत होती.

स्नेहलनं साबणानं चावी धुतली, हात धुतले आणि रतनबाईचं कुलूप उघडलं. तोंड बांधून ती आत गेली. देवघर मधल्या खोलीत होतं. तिनं वात वळली, तेल घातलं, दिवा लावला. हात जोडले. मावशी, बऱ्या होऊन या, असं म्हणायचं ठरवून ती आली होती, आणि ते तिनं म्हटलं, मनापासून, डोळ्यांत पाणी आणून म्हटलं. मग डोळे उघडले. दिव्याचा उजेड वर छतापर्यंत गेला होता. तुळईला लोखंडी कड्या होत्या, दोन, पोरीची झोळी बांधायला नेमक्या अंतरावर.

"झालं का गं?" गल्लीपलीकडून अजिनाथनं हाक मारली.

"आले," ती म्हणाली, आणि वर बघत तिथंच उभी राहिली.